शेपटीवरचे दहा ग्रॅम

माळावर रिमोटवर उडणारं फोमचं विमान घेऊन उभं राहिलं की पाच मिनिटांत चारजण जमतात. गुरं चारायला आलेला म्हातारा, शाळा बुडवलेली दोन पोरं, गाडी कडेला लावून बघणारा कुणीतरी. पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कॅमेरा हाय काय वो ह्यात?" दुसरा, "किती लांब जातंय?" तिसरा पैशांचा. वजन किती, हे मात्र कुणी विचारत नाही आणि या छंदात विचारण्यासारखा प्रश्न तेवढा एकच आहे. विमान किती हळू उडेल, पडल्यावर किती मोडेल, वळणावर दगा देईल की सांभाळून घेईल, हे सगळं त्या एका आकड्यात असतं.

म्हणून मोटर-रिमोटच्या आधी काटा घ्यावा. एक ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. तो घरी असेल तर घरच्या माणसांशी आधी बोलून घ्यावं, कारण पुढचे चार महिने तो कणकेच्या डब्याशेजारी सापडणार नाही.

चार महिने म्हणजे पावसाचे. बेळगाव-खानापूरच्या पट्ट्यात मृगापासून वारा पश्चिमेकडून सुटतो, माळावर चिखल होतो आणि अर्ध्या किलोच्या विमानाला बाहेर काही काम उरत नाही. जून ते सप्टेंबर बांधायचं, दसऱ्यानंतर उडवायचं, हेच इकडचं सोयीचं पंचांग. पावसात बांधण्याला एक अडचण आहे, ती डिंकाची. पांढरा फेव्हिकॉल फोमला खात नाही, स्वस्त आहे आणि हलका वाळतो; पण त्याला वाळायला पाणी बाहेर जावं लागतं. फोमच्या दोन पत्र्यांमध्ये ते कोंडून राहतं. उन्हाळ्यात रात्रभरात होणारं काम जुलैत दोन-दोन दिवस ओलं राहतं. पंखाचे थर चिकटवताना डिंकाच्या रेघा बोटभर अंतरावर माराव्यात, वर पुस्तकांचं वजन ठेवावं आणि घाई असेल तर हा डिंक वापरूच नये.

बाकी चिकटवण्यांत दोन जाती आहेत, फोम खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या. थर्माकोल काय, डेप्रॉन काय किंवा फोमबोर्डाचा गाभा काय, हे सगळं पॉलिस्टायरीन. फेव्हिक्विक, चपलेला लावतात तो पिवळा सोल्युशन, ॲसिटोन, पेट्रोल, स्प्रेचा रंग यांचा थेंब पडला की तिथे खड्डा पडतो. 'फोमसेफ' असं लिहिलेला डिंक, पाच मिनिटांत बसणारा इपॉक्सी आणि ग्लू गन ही सुरक्षित मंडळी. ग्लू गनही पूर्ण तापलेली असेल तर फोम वितळवते. बटण बंद करून अर्धा मिनिट थांबावं, मग लावावं. शिवाय ही गन म्हणजे वजनाचा चोरदरवाजा आहे. ११ मिलिमीटर जाडीची वीतभर कांडी १८ ग्रॅमच्या आसपास भरते. "जरा जास्त लावू, पक्कं बसेल" म्हणत दोन कांड्या संपल्या, की चार सर्वोंचं (शेपटीची पानं हलवणाऱ्या छोट्या मोटरांचं) वजन विमानात बसलं आणि कामाचं काहीच वाढलं नाही. सांधा धरतो तो पातळ, सलग थराने. बाहेर ओघळलेला गोळा नुसता प्रवासी.

आता विमान. पहिल्यासाठी वरती पंख असलेलं, तीन चॅनेलचं, म्हणजे मोटर, एलेव्हेटर (आडव्या शेपटीमागचं वर-खाली होणारं पान) आणि रडर (उभ्या शेपटीमागचं डावी-उजवीकडे वळणारं पान) एवढंच असलेलं बांधावं. पंखाची लांबी १ मीटर, रुंदी १८ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ १८ चौरस डेसिमीटर. फोम ५ मिलिमीटर जाडीचा. कागद नसलेला डेप्रॉनसारखा पत्रा चौरस मीटरला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास असतो. दोन्ही बाजूंनी कागद असलेलं फोमबोर्ड त्याच्या दीडपट-दुप्पट, कधी त्याहूनही जड. जाडी सारखी असली तरी मालामालात वजनाचा फरक बराच पडतो, तेव्हा दुकानात एक पत्रा हातात घेऊन दुसऱ्याशी तोलून बघायला लाजू नये. कागदाचा एक फायदा, तो वाकू देत नाही. तोटा हिवाळ्यात कळतो: सकाळी दवात विमान ठेवलं की कागद पोट धरतो आणि सुटतो. खालच्या बाजूला खाकी टेप लावली की हा प्रश्न मिटतो. ४८ मिलिमीटर रुंदीची टेप मीटरला साधारण दोन ग्रॅम घेते.

सपाट पत्र्याचा पंख उडतो, पण नाक थोडं जास्त उचललं की एकदम हात सोडतो, म्हणजे स्टॉल होतो. त्यावर सोपा उपाय पायरीचा. खालचा पत्रा पूर्ण १८ सेंटिमीटर रुंद, त्यावर पुढच्या अर्ध्या भागात ९ सेंटिमीटरची दुसरी पट्टी चिकटवायची आणि पुढची कड पॉलिश पेपरने गोल करायची. या पायरीदार पंखाचं पेटंट क्लाइन आणि फोगलमन या दोघांना १९७२ साली अमेरिकेत मिळालं, आणि सुरुवात झाली होती ती कागदी विमानापासून. त्याबद्दल तेव्हा जे बोललं गेलं तेवढं काही खरं निघालं नाही. वाऱ्याच्या बोगद्यात तपासल्यावर नेहमीच्या गोलसर पंखापेक्षा त्याची ओढ, म्हणजे हवेचा अडथळा, जास्तच भरली. पण घरच्या टेबलावर, कटर आणि स्टीलच्या पट्टीने अर्ध्या तासात होणारा, वाकायला कडक आणि स्टॉल होताना आधी सूचना देणारा पंख हवा असेल तर हाच. कापताना एका दमात दाबून कापू नये. तीन हलके हात मारावेत आणि पात्याचं टोक दर चार-पाच कापांनी मोडून नवं करावं. बोथट पातं फोम कापत नाही, त्याचे दाणे उपटतं.

मीटरभर फोम स्वतःच्या जोरावर उभा राहत नाही, आत कणा लागतो. दुकानात ४ मिलिमीटरची कार्बनची नळी मिळते आणि ती उत्तम असते. पण आपल्याकडे आकाशकंदील आणि पतंग करणाऱ्यांना कामटी कळते. खानापूरच्या बाजूला कळकाची वाण नाही. बुरुडाकडून सरळ पेराची, वाळलेली कामटी आणावी, हिरवी पाठ शाबूत ठेवून आतून तासावी, ६ मिलिमीटर रुंद आणि ३ जाड. बांबूची ताकद त्या बाहेरच्या पाठीतच असते. ती तासली तर उरतो तो भुसा. अशी कामटी मीटरभराला १५ ग्रॅमच्या आत बसते. पायरीच्या मागच्या कडेखाली ती अखंड घालायची नाही, मध्ये तोडायची, कारण पंखाला दोन्ही टोकांना ६-७ सेंटिमीटर उचल द्यायची असते. ही उचल असल्यामुळेच नुसत्या रडरने विमान कलतं आणि सोडलं की सरळ होतं. मधल्या सांध्यावर ३ मिलिमीटर प्लायवूडचा कोनाचा तुकडा इपॉक्सीने बसवावा. पंख मोडतो तो नेहमी इथेच.

धड म्हणजे ७ सेंटिमीटर चौकोनी, ७० सेंटिमीटर लांब खोकं, मागे निमुळतं होत गेलेलं. आडवी शेपूट ४० बाय ९ सेंटिमीटर, म्हणजे पंखाच्या पाचव्या हिश्श्याची; उभी त्याच्या निम्मी. पंख धडावर रबरबँडनेच धरावा, चिकटवू नये. बांधावर आपटल्यावर रबर सुटतं, पंख बाजूला उडतो आणि दोन्ही वाचतात. बिजागरीला टेप: कड ४५ अंशात तासायची, वरून एक पट्टी, मग पान पूर्ण उलटं दुमडून खालून दुसरी. एलेव्हेटर ओढायला १ मिलिमीटरची पोलादी तार, तिला म्यान म्हणून बॉलपेनच्या रिकाम्या रिफिली. हॉर्नसाठी, म्हणजे पानावर तार अडकवायच्या खुंटीसाठी, मुदत संपलेलं एटीएम कार्ड. त्यासाठी पैसे देऊन वस्तू आणणं म्हणजे उधळपट्टी.

यंत्रसामग्रीत फार डोकं लढवायला जागा नाही. २२१२ मापाची १००० केव्हीची (व्होल्टला मिनिटाला हजार फेऱ्यांची) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), ९ ग्रॅमचे दोन सर्वो, सहा चॅनेलचा साधा रिमोट, तीन सेलची १००० एमएएचची लिपो बॅटरी आणि ९ बाय ४.७ इंचांचा प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा. मोटर सरळ बसवू नये. २-३ अंश खाली आणि २ अंश उजवीकडे झुकवावी. थ्रॉटल, म्हणजे मोटरचा जोर, वाढवला की विमान नाक वर करतं आणि प्रॉपच्या फिरण्यामुळे डावीकडे ओढतं, ते तिथल्या तिथे कापलं जातं. मोटर उलट फिरली तर तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या. हे सगळं तपासताना प्रॉप लावलेला नसावा. त्याचा वेग मिनिटाला हजारांत असतो आणि नऊ इंची प्लास्टिकला बोट आणि गाजर यांतला फरक कळत नाही.

सगळं जमवून काट्यावर ठेवलं की आकडा ४३० ग्रॅमच्या आसपास यावा. दर चौरस डेसिमीटरला २४ ग्रॅम. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथली हवा कोकणातल्यापेक्षा सातेक टक्के विरळ. पंखालाही तेवढं कमी मिळतं, प्रॉपलाही. तरी ४३० ग्रॅमचं हे विमान ताशी २४ किलोमीटरच्या आसपास हवेत टिकतं. सायकल जोरात मारणाऱ्या पोराचा वेग. एवढ्या वेगाच्या वस्तूबद्दल माणसाला विचार करायला वेळ मिळतो. शिकणाऱ्याला हवा असतो तो हाच वेळ.

आता त्या दहा ग्रॅमांकडे येऊ. पतंगाची कण्णी बोटभर वर-खाली झाली तर पतंग एकतर गिरक्या खातो नाहीतर चढतच नाही, हे इथल्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही. विमानाची कण्णी म्हणजे सीजी, तोल. या पंखाला तो पुढच्या कडेपासून ४५ ते ५० मिलिमीटरवर हवा. दोन बोटांच्या टोकांवर पंख तिथे धरायचा. नाक किंचित खाली झुकलेलं असावं. शेपूट खाली जात असेल तर उडवायचं नाही, एवढा नियम पाळला तरी निम्मी विमानं वाचतील. शेपटी जड असली की विमान स्वतःच नाक वर करत जातं, आपण खाली दाबतो, ते जास्त खाली जातं, आपण वर ओढतो, आणि तिसऱ्या हेलकाव्याला जमीन येते. नाक थोडं जड असलं तर फार तर आळशी उडेल.

हिशेब असा. शेपूट तोलाच्या जागेपासून ५० सेंटिमीटर मागे. बॅटरी पुढे सरकवून सरकवून १८ सेंटिमीटरवर जाते, त्यापुढे मोटर आहे. उभी शेपूट मोडली, ती इपॉक्सी, टेप आणि एक काडी लावून दुरुस्त केली, १० ग्रॅम वाढले. ते तोलायला पुढे २८ ग्रॅम घालावे लागतात. म्हणजे शेपटीवरचे १० ग्रॅम पंखाला ३८ ग्रॅम होऊन उचलावे लागतात. सोळा आण्यांचं कर्ज आणि पावणेतीन रुपये व्याज. म्हणून शेपटीकडे डिंक चमच्याने नाही, काडीच्या टोकाने लावायचा. रंग द्यायचाच असेल तर नाकाला द्यायचा. शेपूट मोडली तर सांधण्यापेक्षा नवी कापायची, १० ग्रॅमच्या आत होते.

हे व्याज पुढे आणखी एका ठिकाणी वसूल होतं. प्रत्येक आपटीनंतर थोडी टेप, थोडा डिंक, एक आधाराची काडी, नाकात थोडं शिसं असं करत एका मोसमात ४३० चे ६०० ग्रॅम होतात. वजन चाळीस टक्के वाढलं. टिकून राहायला लागणारा वेग २४ वरून २८ वर गेला, त्यात फारसं काही वाटत नाही. पण जमिनीवर आदळताना लागणारा दणका वजन आणि वेगाचा वर्ग यांवर ठरतो, आणि तो जवळजवळ दुप्पट होतो. म्हणजे 'मजबूत' केलेलं विमान दुप्पट जोराने आपटतं, जास्त मोडतं, मग त्याला आणखी मजबूत करतात. फोमची विमानं आपटून मरतात असं लोक समजतात. माझ्या मते बरीचशी दुरुस्तीनेच मरतात.

उडवायला जागा शोधणं हे वेगळंच प्रकरण. बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ आहे आणि १९४२ पासूनचं हवाईदलाचं ठाणंही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या कुंपणापासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय काही उडवायचं नाही. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे नकाशात हिरव्या दाखवलेल्या पट्ट्यात ४०० फुटांपर्यंत. त्यामुळे मुतगे, मोदगा, बाळेकुंद्रीकडची सपाट रानं कितीही मोहात पाडोत, तो भाग सोडलेला बरा. शहरात लष्कराच्या हद्दीही आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा त्या दिवशी उघडून बघावा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नये. २५ किलोच्या आतलं, शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवायचं मॉडेल असेल तर त्याला टाइप सर्टिफिकेट (बनावटीचा सरकारी दाखला) लागत नाही; आपलं विमान त्यात बसतं.

पश्चिमेकडे उचगाव-बेळगुंदीच्या बाजूला भात निघाल्यावर शेतं मोकळी होतात. लांबून मखमल दिसते. जवळ गेलं की धसकटं. उतरताना ती फोमच्या पोटात सुऱ्यांसारखी घुसतात. नाकाखाली कोरोशीटची (पन्हळी प्लास्टिकच्या पत्र्याची) घसरपट्टी लावावी, ८-१० ग्रॅमला परवडते आणि नाकाकडे असल्यामुळे व्याजही लागत नाही. खानापूरकडचे जांभ्याचे सडे विस्तीर्ण खरे, पण खरवडून काढतात. सगळ्यात बरं गायरान, फक्त गुरं कुठे आहेत ते बघून. चिकोडी-निपाणीकडे गेलं की उसाचे फड. बारा फुटी उसात विमान पडलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. पडल्यावर लगेच धावत सुटू नये. दोघांनी पन्नास पावलांच्या अंतरावर उभं राहून, पडलं त्या दिशेला समोरचं झाड नाहीतर टॉवर हेरायचा आणि दोघांनी आपापल्या रेषेने आत शिरायचं. रेषा जिथे मिळतात तिथे विमान. रिसीव्हरला तीन ग्रॅमचा बझर असेल तर उत्तमच. ते तीन ग्रॅम घालावेत, तिथे कंजूषपणा नको. आणि शेतात शिरण्याआधी मालकाला हाक मारावी. हेस्कॉमच्या, म्हणजे इकडच्या वीज कंपनीच्या, पंपाच्या तारांवर अडकलं तर मात्र ते गेलं असं समजावं. काठी घेऊन चढण्याइतकं कुठलंच फोम महाग नाही.

हिवाळ्यात सकाळी साडेसहा ते नऊ ही उडवण्याची वेळ. वारा बहुधा पूर्वेकडून, मंद. विमान वाऱ्याच्या तोंडावर सोडायचं म्हणजे पूर्वेकडे, आणि पूर्वेलाच सूर्य. विमान त्याच्या तेजात शिरलं की एक काळा ठिपका उरतो, मग तोही नाही. म्हणून उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं आणि सगळ्या फेऱ्या समोरच्या उत्तरेच्या अर्ध्या भागात ठेवायच्या. थंडीतला सूर्य दक्षिणेकडूनच चालतो, तो पाठीशीच राहतो. दहानंतर माती तापते, हवा उकळायला लागते, घारी वर चढतात. घार विमानाशी भांडायला येते ती गंमत दिसते, पण तिच्या पंखाला प्रॉप लागला तर ती गंमत नाही. ती जवळ आली की मोटर बंद करून खाली यावं.

रिमोट आधी चालू, मग विमानाची बॅटरी. बंद करताना उलट. स्टिक अंगाकडे ओढली की एलेव्हेटरचं पान वर गेलं पाहिजे. हे दर वेळी बघायचं, कारण उलटं जोडलेलं एलेव्हेटर पहिल्या दोन सेकंदांत कळतं आणि तेव्हा काही करता येत नाही. पानाची हालचाल एलेव्हेटरला १० मिलिमीटर वर-खाली पुरे, रडरला २०. रिमोट बंद केला तर मोटर थांबते की नाही, तेही जमिनीवर तपासावं. सोडताना थ्रॉटल पाऊण, विमान आडवं, भाला फेकतात तसं सरळ पुढे ढकलायचं. वर फेकणं ही सगळ्यांची चूक. वेग नसताना नाक आकाशात गेलं की ते मागे बसतं.

वर गेल्यावर खरी अडचण डोक्याची असते. विमान लांब जाताना डावं ते डावं. आपल्याकडे येताना डावं ते उजवं. यावर विचार करत बसलं की उशीर होतो. येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली बसलाय, त्या बाजूला स्टिक ढकलायची, जणू खाली टेकू देतोय. तेवढ्याने सरळ होतं. दुसरं, वळणावर. विमान ६० अंश कललं की टिकून राहायला लागणारा वेग ४० टक्क्यांनी वाढतो, २४ चा ३४ होतो. खाली, हळू, गरकन वळवून आणायला गेलं की आतला पंख सुटतो. उतरताना वळण लांबच, उंचीवर संपवावं. आणि नाक खाली गेलं म्हणून घाबरून ओढू नये; ओढण्याने स्टॉल वाढतो, सोडण्याने विमान सावरतं.

१००० एमएएचमधले ८०० च वापरायचे, म्हणजे सात मिनिटांचा टायमर. घरी आल्यावर बॅटरी दर सेलला ३.८ व्होल्टवर ठेवायची, चार्जिंग १ अँपिअरने, समोर बसून. फुगलेली लिपो 'अजून चालतीया' म्हणत वापरणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही, फक्त त्यांच्या गाडीतून जाऊ नये.

पंखाच्या पोटावर बॉलपेनने तारीख आणि वजन लिहीत जावं, प्रत्येक दुरुस्तीनंतर. ४३०, ४४२, ४७०. आकडा साडेपाचशेच्या पुढे गेला की विमान उतरवायचं. मोटर, ईएससी, सर्वो, रिसीव्हर, तारा, हॉर्न सगळं सोडवून डब्यात. प्लायवूडचा कोन इपॉक्सीसकट कापून ठेवावा. उरलेला फोम जाळू नये, त्याचा धूर घरात राहतो. पंख तेवढा ठेवायचा. पुढच्या पावसात नव्या पत्र्यावर तोच साचा म्हणून पसरायचा. त्याचं उजवं टोक दुरुस्त्यांनी वाकडं झालेलं असतं, म्हणून रेघ मारायची ती डाव्या अर्ध्याची, आणि तोच उलटा पालथा घालून उजवा आखायचा.